बोटाची जागा

१

दर रविवारी दुपारी साडूच्या घरी चहाला जायचं, असा दाजींच्या घरचा नेम होता. नेम बायकोनं घातलेला. दाजींना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, त्यापेक्षा घरी पाठ टेकलेली बरी. पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. मेहुणी त्यांना दाजी म्हणायची, तिचं ऐकून तिचा नवरा म्हणायला लागला, आणि हळूहळू वखारीतली माणसंसुद्धा ‘दाजी, चांगल्या फळ्या आल्यात, येऊन बघून जा’ असा निरोप धाडू लागली. धंद्यानं ते फर्निचरवाले. घरामागच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना, म्हणजे एक भलंमोठं टेबल, भिंतीवर ओळीनं टांगलेली हत्यारं आणि पाय रुतेल इतका भुसा. हात चांगला होता. हे बाहेर सगळे कबूल करायचे, फक्त घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे, आणि दाजींचं दुखणं नेमकं तेच होतं.

कारण घरात जे काही मोठ्यानं म्हटलं जायचं ते डॉक्टरांबद्दल. डॉक्टर म्हणजे हे साडू, मेहुणीचे यजमान, दातांचे डॉक्टर. दाजींच्या बायकोला सगळे ताई म्हणत. ही ताई आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतं बोलायची: गॅस संपत आलाय, नळ गळतोय, खिडकी उघडत नाही, तुम्ही जगाची दारं बसवा आणि माझी खिडकी तशीच ठेवा. पण रविवारी बहिणीच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की बाई खळखळून हसायला लागायची. डॉक्टरांनी नुसतं ‘या या, आ करा’ म्हटलं तरी हसायची. आता यात हसण्यासारखं काय आहे, ते दाजींना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तिथं बसल्या बसल्या त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा, आणि वर तोंडदेखलं हसावं लागायचं ते वेगळंच.

आणि वरच्या मजल्यावर ती आगगाडी! अख्खी खोली डॉक्टरांनी खेळातल्या रेल्वेला देऊन टाकली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत कमरेएवढ्या उंचीचं टेबल, त्यावर डोंगर, बोगदा, पूल, नखाएवढी बाकं मांडलेलं स्टेशन, आणि या सगळ्यातून वळसे घेत धावणाऱ्या गाड्या. येणारा-जाणारा तोंडात बोट घालायचा. पण हे वेड या घरात आणलं कुणी? दाजींनी. डॉक्टरांच्या लग्नात पहिलं इंजिन आहेर म्हणून दिलं ते त्यांनीच. त्यांची स्वतःची गाडी मात्र अजून पलंगाखालच्या खोक्यात होती, कारण घरी जागा नाही आणि ताई म्हणायची, या वयात शोभतं का.

तर अशाच एका रविवारी डॉक्टर म्हणाले, “दाजी, एक त्रास देऊ का? या गाड्या टेबलाखाली खोक्यांतून एकावर एक पडलेल्या असतात. रंग उडतो, डबे जोडायचे आकडे तुटतात. खाली चांगले ड्रॉवर करून द्या ना. प्रत्येक डब्याला त्याच्या मापाचा कप्पा. तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही.”

“द्या की हो करून,” ताई म्हणाली. “एवढं म्हणतायत ते.”

दाजींना एकाच वेळी गुदगुल्या झाल्या आणि मिरच्याही झोंबल्या. मी दिलेल्या इंजिनाचा यानं संसार थाटला, आणि आता त्या संसाराला गोठा बांधायचा तो मीच! पण ताई त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, “बघू.”

२

मापं घ्यायला ते टेप न्यायचे नाहीत. लाकडाची एक लांब पातळ पट्टी घ्यायची, वस्तूला लावायची आणि सुरीनं खाच पाडायची, ही त्यांची पद्धत. त्या खाचा सगळ्या थोड्या उजवीकडे कललेल्या असत, हाताची खोडच तशी. पण कारखान्यात त्यांचा कायदा होता, पट्टीवर खाच आहे म्हणजे वस्तू आहे. तिथं वाद नाही.

डॉक्टर एकेक डबा हातात देत होते आणि दाजी खाचा पाडत होते.

“आणि प्रत्येक खाचेच्या पुढे एक बोट सोडायचं,” दाजी म्हणाले. “त्याला आम्ही बोटाची जागा म्हणतो. नुसतं मापात बसवणं कुणालाही येतं हो. गेलेली वस्तू बाहेर काढता आली पाहिजे. बोट गेलं नाही तर ती गेलीच म्हणून समजा.”

“आमच्या धंद्यातसुद्धा तेच,” डॉक्टर म्हणाले. “फक्त आम्ही पेशंटच्या तोंडात बोट घालतो आणि तो चावतो.”

खालून चहा घेऊन वर आलेली ताई इतकी हसली की बशीत चहा सांडला. बोटाची जागा तिनं घरी शंभरदा ऐकली होती. तेव्हा तिला कधी साधी मान हलवावीशी वाटली नव्हती.

आठवडाभर दाजींनी शेडमध्ये काम केलं. राग होता, पण हात रागावत नाही. ड्रॉवरच्या बाजू एकमेकांत दातांनी अडकवल्या, तळाला मऊ कापड लावलं, आडव्या पट्ट्यांना खोबणी पाडल्या. एकेक खाच बघायची, त्या मापाचा कप्पा करायचा, वर एक बोट सोडायचं. सगळे डबे झाले, इंजिनं झाली. आणि पट्टीवर एक खाच उरली.

दाजींनी चष्मा पुसला. खाच उरलीच होती. एखादा डबा दोनदा मोजला म्हणावं तर तिचं माप दुसऱ्या कुठल्याच खाचेशी जुळत नव्हतं. आणि ती सरळ होती. बाकीच्या सगळ्या उजवीकडे कललेल्या, आणि ही एकटी काटकोनाचा गुण्या लावून पाडल्यासारखी. शेजारी त्यांच्या खाचा अगदी शिकाऊ पोराच्या वाटत होत्या, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

पाडली असेल आपणच, कधी नव्हे तो हात सरळ पडला असेल. नाहीतर डॉक्टरांकडे एखादा भारी डबा असेल, शेवटी हातात दिलेला, आणि आपलं लक्ष ताईच्या हसण्याकडे. आता फोन करून विचारायचं म्हणजे आपणच मापात चुकलो हे कबूल करायचं. त्यापेक्षा कप्पा केलेला बरा. कायदा तो कायदा.

कप्पा केला. पण फणकाऱ्यात केला. ज्या डब्याचा पत्ता नाही त्याचे कसले लाड, असं म्हणत दाजींनी तो खाचेबरहुकूम कापला आणि बोटाची जागा सोडली नाही.

३

ड्रॉवर बसवले तेव्हा खरोखर बघण्यासारखे दिसत होते. एका बोटानं ओढले तरी चॅनेलवरून आवाज न करता बाहेर यायचे. डॉक्टरांनी लहान पोराच्या उत्साहानं सगळे डबे आपापल्या कप्प्यात ठेवले. खालच्या ड्रॉवरमध्ये तेवढा एक कप्पा मोकळा राहिला.

“हा कुणाचा?” डॉक्टरांनी विचारलं.

म्हणजे असा कुठला डबा नव्हताच. पण तोंडानं ते म्हणाले, “पुढे एखादा घ्याल, त्याच्यासाठी ठेवला.”

“बघा! याला म्हणतात दूरदृष्टी.”

“दाजी, तुम्ही आणखी नादी लावू नका हं ह्यांना,” मेहुणी म्हणाली. “उद्या मला स्वयंपाकघर रिकामं करायला लावतील.”

“तुलापण एक ड्रॉवर करून घेऊ,” डॉक्टर म्हणाले, आणि ताई हसली. डॉक्टरांच्या बोलण्यावर हसली. ड्रॉवरला तिनं अजून हातसुद्धा लावला नव्हता.

सगळे खाली गेल्यावर दाजींनी ड्रॉवर लोटला. तो आत गेला, आणि आतून एक आवाज आला. टक. बरोबर मापाची वस्तू जागेवर बसली की येतो तसा. हा आवाज दाजी आयुष्यभर ऐकत आले होते, त्यात त्यांची चूक होणं शक्य नव्हतं. तरी ते स्वतःला म्हणाले, एखादा डबा सरकला असेल, आणि जिना उतरले.

४

पुढच्या रविवारी दारातच डॉक्टरांनी त्यांना मिठी मारली. मिठी! दातांच्या औषधाचा वास दाजींच्या नाकात गेला.

“कमाल केलीत, दाजी! आणि बोलला नाहीत एका शब्दानं. ‘पुढे एखादा घ्याल’ म्हणे! आम्ही काल ड्रॉवर उघडतो तर काय!”

वर नेलं. मोकळ्या कप्प्यात एक डबा होता.

लाकडी होता. साधा, सायीच्या रंगाचा, उतारूंचा डबा. पण काय काम होतं ते! भिंती पुठ्ठ्याहून पातळ, खिडक्यांना खरी काच, आत बाकं, बाकांना पाठी, पाठींना गोलाई. जोड कुठे आहे ते शोधून सापडत नव्हतं. कप्प्यात इतका चपखल की डॉक्टरांनी दात साफ करायची आकडी आणली आणि तिनं अलगद उचलून काढला.

“याला तेवढी बोटाची जागा नाही ठेवलीत,” डॉक्टर म्हणाले. “मुद्दाम ना? काढायला जीव जावा म्हणून!”

दाजींनी डबा उलटा केला. आपण केलेल्या प्रत्येक वस्तूच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, ते कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची खूण कोरायचे. डब्याखाली ती होती. तीन रेघा. फक्त त्या सरळ होत्या.

आता खरं म्हणजे तिथंच बोलायला हवं होतं. हा माझा नाही, एवढे तीन शब्द. दाजींनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ताई पुढे आली, तिनं डबा डोळ्यांशी धरला, खिडकीतून आत बघितलं, आणि बहिणीला म्हणाली, “बघितलंस? आमच्या ह्यांचं काम आहे.”

आमच्या ह्यांचं! आणि असं म्हणताना तिनं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. तिथला भुसा झटकल्यासारखं केलं आणि हात तसाच राहू दिला.

“वेळ मिळाला तसा केला,” दाजी म्हणाले.

त्या दिवशी डॉक्टरांचे विनोद कुणी ऐकले नाहीत. सगळे दाजींनाच विचारत होते, आणि दाजी एकेक थाप बेमालूम मारत होते. घरी येताना मात्र त्यांच्या मनातून एक गोष्ट जाईना. भीती नव्हती ती. साधा हेवा होता. हा कुणाचा हात आहे, आणि असा हात आपला का नाही?

५

त्यानंतर घर बदललं.

सकाळी ताई गुणगुणत चहा करायची. एकदा कप देता देता तिला एकदम हसू फुटलं. “काल सांगितलीत ना ती वखारवाल्याची गंमत, मला रात्री आठवून आठवून हसू येत होतं.”

“कुठली गंमत?”

“आता वेड पांघरू नका.”

दाजींनी काल कुठलीच गंमत सांगितली नव्हती. काल ते दिवसभर शेडमध्ये होते आणि जेवताना वर्तमानपत्र वाचत होते. निदान त्यांना तसं आठवत होतं.

मग स्वयंपाकघरातली खिडकी. वर्षानुवर्षं न उघडणारी खिडकी एका सकाळी उघडी होती, आणि ताई तिथं उभं राहून भांडी पुसत होती. दाजींनी पल्ला लोटून बघितला. बोट लावताच गेला, बोट लावताच आला. कडेला रंधा मारला होता, आणि तो असा मारला होता की हात फिरवताना काच असल्याचा भास व्हावा.

“ही कुणी केली?”

“कुणी म्हणजे? परवा नाही का बसला होतात इथं? चहापण इथंच घेतलात.” ती थांबली. “बरं वाटतंय ना तुम्हाला?”

दाजी शेडमध्ये गेले. टेबलाखाली लाकडाची एक साल पडली होती. रंध्यातून निघते ती. त्यांच्या रंध्यातून सालीचे तुकडे पडतात, नेहमीच पडायचे. ही अखंड होती, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच, गुंडाळी होऊन पडलेली. त्यांनी ती उचलली. अजून ओलसर होती, ताज्या लाकडाचा वास येत होता.

विसरत असू आपण, असं त्यांनी ठरवलं. वय होतंय. माणूस एखादी गोष्ट करतो आणि विसरतो. रविवारी चहाला डॉक्टरांना त्यांनी आडून विचारलंसुद्धा, “असं होतं का हो, की माणूस काम करतो आणि त्याला आठवतच नाही?”

“मी दातांचा डॉक्टर, दाजी. माझ्याकडे माणसं यायचंच विसरतात, तेवढं मला ठाऊक.”

यावर ताई हसली नाही. ती दाजींकडे बघत होती, आता दाजी काय बोलतात म्हणून वाट बघत. आणि दाजींना काही सुचलं नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरला. तो माणूस असता तर त्याला सुचलं असतं, असं दाजींच्या मनात आलं, आणि आपण ‘तो माणूस’ म्हणालो हे लक्षात येऊन त्यांनी घाईनं कप खाली ठेवला.

६

एका दुपारी ते वखारीत जातो म्हणून निघाले आणि वळणापर्यंत जाऊन परत फिरले. पुढच्या दारानं न जाता घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. स्वतःच्या घराला चोरासारखा वळसा घालताना त्यांना लाज वाटली. पण पाय थांबले नाहीत.

आत ताई हसत होती. रविवारचं हसणं. बहिणीच्या घरचं, मान मागे टाकून, श्वास लागेपर्यंतचं. मधे एक पुरुषाचा आवाज, हलका, शब्द कळत नव्हते. तो काहीतरी म्हणायचा आणि ती पुन्हा सुरू व्हायची.

डॉक्टर! तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखाना सोडून भरदुपारी इथं! दाजी पळत मागच्या दारानं आत शिरले.

ताई एकटीच होती. टेबलावर दोन कप. दोन्हीतून वाफ निघत होती. एक अर्धा प्यालेला.

“कोण होतं इथं?”

“कोण म्हणजे?” ताईच्या डोळ्यांत हसण्याचं पाणी अजून होतं. “आणि मागून कुठून आलात? आत्ता तर पुढच्या खोलीत गेलात चष्मा आणायला.” मग तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “शर्ट कधी बदललात?”

दाजी पुढच्या खोलीत गेले. कुणी नव्हतं. पुढचं दार आतून बंद होतं. फरशीवर भुशाची बारीक रेघ तेवढी होती, आणि ती त्यांच्याच अंगावरून पडलेली असू शकत होती. रोजच पडायची.

ते परत आले तेव्हा ताई दुसरा कप विसळत होती. हसू पार गेलं होतं. आठवड्याच्या कुठल्याही दिवसाचा, कामापुरता चेहरा झाला होता.

“एक विचारू?” ती म्हणाली. “रागावू नका. तुम्ही मधूनच असे का होता हो? चांगले असता, बोलता, हसता. इतकं बरं वाटतं मला. आणि मग एकदम पुन्हा असे होता.”

“असे म्हणजे कसे?”

“असे,” ताई म्हणाली, आणि नळ सोडला.

दाजी टेबलाशी बसले. अर्धा प्यालेला कप तिनं धुऊन टाकला होता आणि त्यांना नवा चहा विचारला नव्हता. इतकी वर्षं डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली, आणि आता? आता कुणाचा हेवा करायचा? तिला आवडणारा माणूस त्यांचंच नाव लावून त्यांच्याच घरात बसत होता. दाजींना रडू येईलसं झालं.

त्यांनी ठरवलं. तो डबा काढायचा. रविवारी सगळ्यांच्या समोर टेबलावर ठेवायचा आणि सांगायचं, हा मी केलेला नाही. ताई काय म्हणायचं ते म्हणो. मान गेला तर गेला. बायको तरी राहील.

७

रविवारी चहाचं आधण ठेवलेलं असताना दाजी उठले. “ड्रॉवर कुठे घासतोय का, बघून येतो.”

“बघा, काम डोक्यातून जात नाही,” ताई बहिणीला म्हणाली. दाजींनी जिन्यावरून वळून बघितलं. ती डॉक्टरांनी पुढे केलेली बशी घेत होती.

वरच्या खोलीत ऊन आलं होतं. स्टेशनच्या बाकांच्या सावल्या रुळांवर पडल्या होत्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं, म्हणजे खालचं बोलणं ऐकू येईल. खालचा ड्रॉवर ओढला. आवाज न करता बाहेर आला. डबा कप्प्यात होता.

त्यांनी नखांनी ओढून बघितला. हलेना. दोन्ही टोकांना केस जाईल एवढीही फट नव्हती. आकडी आणायची राहिली होती. त्यांनी खिशातली सुरी काढली, टोक घालायला गेले, ते घसरलं आणि अंगठ्याला लागलं. सायीच्या रंगावर रक्ताचा थेंब पडला. बोटाची जागा! इतक्या वर्षांत एकदाच सोडली नाही, आणि ती नेमकी इथं. दाजी स्वतःलाच शिव्या घालत गुडघ्यांवर बसले आणि रक्त पुसायला म्हणून वाकले. वाकल्यावर डोळा खिडकीशी आला.

आत बाकं नव्हती.

आत उजेड होता, दुपारचा. एक टेबल होतं, त्यावर किटली. मेहुणी कप भरत होती. डॉक्टरांच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं. ताईनं मान मागे टाकली होती, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि आवाज काही येत नव्हता. तिच्या समोर चौथा बसला होता. त्याची पाठ दाजींकडे होती. अंगात चौकटीचा शर्ट, आज दाजींनी घातलेला तोच. ताईनं हसता हसता हात पुढे केला, त्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला आणि हात तिथंच ठेवला.

मग तो वळायला लागला.

दाजींनी डोळा काढून घेतला. पूर्ण वळायच्या आत काढला, हे ते नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

“दाजी!” खालून डॉक्टरांची हाक आली. “या हो, चहा निवतोय!”

उत्तर द्यायला दाजींनी श्वास घेतला. पण उत्तर आधीच गेलं होतं.

“आलो, आलो,” जिन्याच्या पायथ्याशी कुणीतरी म्हणालं. दाजींचा आवाज होता, फक्त जास्त मोकळा. “काही घासत नाही हो. छान चालतोय ड्रॉवर. चालेल नाही तर काय, केलाय कुणी!”

खाली हशा पिकला. खुर्ची सरकली. कुणीतरी बसलं.

दाजी दाराकडे धावले. दार बंद होतं. त्यांनी ते उघडं ठेवलं होतं, याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नव्हती. कडी शोधायला त्यांनी हात फिरवला आणि हात नुसताच फिरत राहिला. कडी नव्हती, मूठ नव्हती. दाराची कड चौकटीत अशी बसली होती की लाकूड कुठे संपतं आणि चौकट कुठे सुरू होते ते बोटांना कळेना. त्यांनी हाका मारल्या, मुठी आपटल्या. खाली ताई काहीतरी सांगत होती, आणि तिचं बोलणं एका शब्दानंही अडखळलं नाही.

“आमच्या ह्यांच्या हाताला तोड नाही,” ती म्हणत होती. “मी घरी कधी म्हणत नाही, पण खरंच नाही.”

हे ऐकायला दाजी जन्मभर थांबले होते. ते दाराला कान लावून उभे राहिले. खाली तो माणूस काहीतरी हळूच बोलला आणि ताई हसली, तेच ते, श्वास लागेपर्यंतचं हसणं. मग कपबशा वाजल्या.

दाजींनी पुन्हा एकदा दाराच्या कडेवरून नख फिरवलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, कारागीर दुसऱ्याचं काम तपासतो तसं. कुठेही अडकलं नाही. काम चोख होतं, त्यांना स्वतःला कधी जमलं नसतं इतकं. फक्त बोटाची जागा सोडलेली नव्हती.